ज्या शिबिराला मला पाठवलं नाही

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी गेलं वर्षभर ऐकते आहे. ऐकते म्हणजे, माझी भाचेसून गौरी दर रविवारी इंगोलश्टाटहून फोन करते आणि एकेक वाचून दाखवते. माझे डोळे आता साथ देत नाहीत. प्रत्येक अनुभव संपला की मी एकच म्हणते, "काहीतरी कारण असणार गं." मागच्या रविवारी ती वैतागली. म्हणाली, "अहो आत्या, मग तुमच्या त्या आफ्रिकेच्या गोष्टीचं कारण सांगा की!" म्हणून हे. मी फोनवर सांगते आहे, ती टाइप करते आहे. चुका असतील तर अर्ध्या तिच्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही बसत नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावात कुणा बाईच्या अंगात आलं की ते म्हणायचे, "आधी तिला पोटभर जेवायला घाला, मग बघू कोण अंगात राहतं ते." पुढे मी पुण्यात नर्सिंग शिकले. तिथे तर शिकवणच अशी, की ताप थर्मामीटरनं मोजायचा, नातेवाइकांच्या कुजबुजीवरून नाही.

आणखी एक. इथल्या बहुतेक अनुभवांत भीती असते. माझ्या अनुभवात भीती नाही, राग आहे. साठ वर्षांत तो पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

एकसष्ट साली मी जर्मनीत आले. र्युसेल्सहाइमपासून गाडीनं अर्ध्या तासावर, माइन नदीकाठचं एक गाव. नाव देत नाही, तिथल्या काहींची मुलं-नातवंडं अजून तिथे आहेत. हॉस्पिटल चर्चच्या मंडळींनी चालवलेलं. माझी ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. मागच्या अंगणात नर्सेसचं वसतिगृह — श्वेस्टर्नहाइम — आणि तिथे एका खोलीत मी आणि उर्सुला.

उर्सुला माझ्याहून दोन वर्षांनी लहान. युद्ध संपताना आईचा हात धरून पूर्वेकडून चालत आलेली पोर. ताटातला शेवटचा तुकडा ती कधी ठेवायची नाही. मला "शांटा" म्हणायची. शांता तिला शेवटपर्यंत जमलं नाही. पण माझं पहिलं जर्मन तिनं सुधारलं, माझ्या पहिल्या हिवाळ्यात आपला जाड कोट मला दिला आणि स्वतः दोन स्वेटर चढवून हिंडली. मैत्रीण होती ती. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी तिच्याबद्दल चांगलं बोलणार नाही.

चर्चची एक मिशन कमिटी होती. टांगानिकात — आताचं टांझानिया — त्यांच्या शाळा होत्या, आणि दर वर्षाअखेरीच्या सुट्टीत खेड्यातल्या मुलींसाठी तिथे सहा आठवड्यांचं शिबिर भरायचं. बायबल, शिवण, स्वच्छता, प्रथमोपचार. त्यासाठी इथून नर्सेस जायच्या, बिनपगारी, हौसेनं. बासष्टच्या शेवटी चर्चच्या दारावर त्याची चिठ्ठी लागली. ती वाचून उर्सुलाला ओढत आत नेलं ते मी. तिला तर टांगानिका नकाशावर कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं!

आम्ही दोघींनी नावं दिली. मग दर बुधवारी संध्याकाळी स्वाहिलीचा वर्ग. शिकवायचे स्वतः पास्टर. युद्धाआधी ते तिथे सहा वर्षं राहिलेले. उंच, कोरडा माणूस, पण शिकवायचे जीव ओतून. मी वर्गात पुढे होते, एक शब्द सोडून. स्वाहिलीत 'पी' म्हणजे 'कुन्य्वा'. माझ्या जिभेला तो 'व' सापडायचाच नाही. मी म्हणायचे 'कुन्या'. आणि 'कुन्या'चा अर्थ... आल्झो, म्हणजे, सकाळी परसाकडे जाऊन करतो ते. पास्टर पहिल्यांदा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सिस्टर शांता, तुम्ही तिथे पेशंटला औषध पाजायला जाल आणि भलतंच होऊन बसेल." सगळा वर्ग हसला, मीही हसले. वर्षभर तो शब्द काही सुधारला नाही.

त्रेसष्टच्या सप्टेंबरात सगळं ठरलं होतं. लस टोचून झाली, पिवळं कार्ड मिळालं. मी दोन सुती साड्या ट्रंकेत तळाशी घालून ठेवल्या. तिकडच्या उन्हात त्याच बऱ्या. बाबांना पत्र गेलं. त्यांनी गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते वाचून दाखवलं. आमच्या गावची पोर मिशनरी होऊन निघाली, म्हणून उपासनेत प्रार्थना झाली.

आणि एका शुक्रवारी पास्टरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

"सिस्टर शांता, कमिटीनं विचार केला," ते म्हणाले. "तिथे इंडियन म्हणजे दुकानदार. लोकांचा त्यांच्यावर राग आहे. आईबाप मुली पाठवणार नाहीत."

"हेर पास्टर, मी दुकानदार नाही. नर्स आहे."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे."

"आणि मुलींना दोन दिवसांत कळेल."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली. "आणखीही एक आहे. इथल्या मंडळ्या आपली माणसं पाठवतात. त्यांना फोटोत आपली सिस्टर बघायची असते. तुम्ही स्वतःच... तुमचे वाडवडीलच मिशनमुळे प्रभूकडे आले. समजून घ्या."

मला समजलं. गेनाऊ, अगदी तंतोतंत समजलं. ज्यांना वाचवायचं त्या रांगेतली मी; वाचवणाऱ्यांच्या रांगेत उभी कशी राहणार?

मी उर्सुलाकडे पाहिलं. ती बुटांकडे बघत होती. एक वाक्य बोलली असती — ती जात नसेल तर मीही नाही — तर कदाचित काही झालं असतं. कदाचित नसतंही झालं. पण ती बोलली नाही. ऑक्टोबरात ती गेली. मला मिठी मारायला आली तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होते, आणि घालतच राहिले.

आता जे सांगते ते दिवसांच्या हिशेबानं नीट लक्षात ठेवा.

डिसेंबरात, नाताळाआधीच्या ॲडव्हेंटमधल्या दुसऱ्या रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये मिशनचा बाजार भरायचा. मेणबत्त्या, विणलेले मोजे, केक. पास्टरांनी मला निरोप धाडला, की साडी नेसून शिबिराच्या टेबलापाशी उभ्या राहा. लोकांना बरं वाटेल. हो, तेच शिबिर! आणि मी राहिले उभी. ट्रंकेच्या तळातली साडी काढून नेसले आणि चार तास त्या टेबलामागे उभी राहिले. नाही म्हणायची हिंमत तेव्हा नव्हती. एका लहान मुलीनं विचारलं, "तू आफ्रिकेची आहेस का?" शेजारी पास्टर होते. ते हसून म्हणाले, "हो, जवळपास."

त्या संध्याकाळी खोलीत येऊन मी साडी फेडून तशीच खुर्चीवर टाकली आणि उर्सुलाच्या रिकाम्या कॉटकडे बघत म्हटलं... काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते, पण गौरी, टाइप कर. मी म्हटलं, होऊ दे त्यांची फजिती. कळू दे माझ्याशिवाय काय होतं ते.

प्रार्थना नव्हती ती. शाप म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटला उठवून बसवत होते. तिनं नाक वर करून विचारलं, "सिस्टर, कुठे जळतंय का?" मी खिडकी बघितली, स्टोव्ह बघितला. काही नव्हतं. शेजारची म्हणाली, "सिस्टरच्याच अंगाला वास आहे. लाकडाच्या धुराचा." दुपारपर्यंत तिसऱ्या पेशंटनं तेच सांगितलं. ओबरश्वेस्टर हेडविग, म्हणजे आमची वॉर्डप्रमुख, माझ्या खांद्यापाशी वाकून हुंगून गेली. कुत्रं हुंगतं तशी.

"खोलीत शेगडी पेटवता काय तुम्ही? तुमचं ते मसाल्याचं?"

"नाही ओबरश्वेस्टर. दोन वर्षांत मी एकदाही स्वयंपाक केलेला नाही."

"ॲप्रन बदला. केस धुवा. आत्ता!"

मी धुतले. डिसेंबरच्या थंडीत ओल्या केसांवर टोपी घालून पुन्हा ड्यूटीवर आले. मंगळवारी पुन्हा तेच. मला स्वतःला वास येत नव्हता, हे विशेष. मला वाटलं, कालच्या साडीमुळे सगळ्यांना आठवण झाली आहे की मी कोण. आता यांना वास येणारच. बुधवारी हेडविगबाईंनी लेखी ताकीद दिली — आबमानुंग — अस्वच्छतेबद्दल, तिन्ही दिवसांच्या तारखा घालून. गुरुवारी कुणी काही बोललं नाही. वास गेला होता म्हणे. ताकीद मात्र फायलीत राहिली.

त्या तीन दिवसांत मला दुसरं काहीही झालं नाही. चक्कर नाही, स्वप्न नाही, ताप नाही. रोजच्यासारखी कामं केली, रोजच्यासारखी झोपले. वॉर्डच्या वहीत माझ्या सह्या आहेत.

फेब्रुवारीत उर्सुला परतली. मी दुपारची खोलीत बसून मोजे रफू करत होते. दार उघडलं आणि ती आत आली. अर्धी झालेली, डोळे पिवळे. बॅग खाली ठेवली नाही, कसं आहे-नाही विचारलं नाही. दारातच उभं राहून म्हणाली, "शांटा, पेजं म्हणजे काय?"

"काय?"

"पेजं. पेज. मुली मागत होत्या."

मी सांगितलं, पेज म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं ते पातळ, मीठ घालून. आमच्याकडे आजाऱ्याला देतात. हगवण लागली तर तेच. "पण तुला कुणी सांगितलं? मी तर कधी..."

ती कॉटवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मी इथे थोडक्यात सांगते.

शिबिरात बेचाळीस मुली. पहिले चार आठवडे छान गेले. मग पाऊस सुरू झाला आणि हगवणीची साथ आली. आधी पाच जणी, दुसऱ्या दिवशी वीस. शिबिराच्या प्रमुखबाई औषधं आणायला जीप घेऊन तालुक्याच्या गावी गेल्या आणि त्यांच्यामागे नदीवरचा पूल वाहून गेला. राहिल्या उर्सुला आणि स्वयंपाकीणबाई, मामा एस्टा. तिकडे आईला मामा म्हणतात. रविवारी रात्रीपासून उर्सुलालाच ताप भरला. सोमवारी सकाळी उठायला गेली ती दारात पडली. त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. शुद्धीवर आली ती गुरुवारी.

"मला वाटलं, बाहेर जाऊन बघितलं तर सगळ्या मेलेल्या असतील," ती म्हणाली. "भिंत धरून बाहेर गेले. अंगणात तीन दगडांच्या दोन चुली, त्यावर मोठी पातेली. मुली चटयांवर ओळीत निजलेल्या. स्वच्छ. घडी घातलेली फडकी प्रत्येकीच्या उशाशी. एक मुलगी गेली होती, सोमवारी. बाकी जिवंत होत्या. मी मामा एस्टाला म्हटलं, तू एकटीनं केलंस हे? तर ती म्हणाली, मी फक्त लाकडं आणली. केलं सगळं दुसऱ्या सिस्टरनं."

"कुठली दुसरी सिस्टर?"

उर्सुला माझ्याकडे बघत राहिली. "काळी. आमच्याइतकी नाही, असं म्हणाली मामा एस्टा. अंगाला लांब कापड गुंडाळलेलं, पुढे चुण्या, टोक कमरेला खोचलेलं. केसांची गाठ मानेवर. ती माझ्या कॉटपाशी पण येत होती, म्हणाली. माझ्या कपाळावर फडकं ठेवत होती. आणि शांटा, ती मुलींना पेजं पाजताना म्हणायची — कुन्या, कुन्या. पोटं धरून कण्हणाऱ्या मुली, त्यासुद्धा हसायच्या."

मला आठवतं, माझ्या हातातली सुई बोटात गेली होती आणि मी ती तशीच ठेवली होती.

मग उर्सुलानं खिशातून वही काढली. "मुली एक गाणं म्हणतात. ती सिस्टर दर थोड्या वेळानं प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत जायची आणि हे म्हणायची. मी जसं ऐकलं तसं लिहून घेतलं." आणि तिनं वाचायला सुरुवात केली, जर्मन उच्चारांत, अडखळत. "एक. दोन. टीन. चार..." अकरा, बारा... वीस, एकवीस... गाणं नव्हतंच, मराठी आकडे होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

तिथे ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नाही. सोमवारनंतर मुली एक्केचाळीसच होत्या."

मी सोमवार म्हणजे कुठला ते विचारलं. तिनं सांगितलं. मी उठले, कपाटातून हेडविगबाईंच्या ताकिदीची माझी प्रत काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तारखा तिनंच वाचल्या. आधी वहीतल्या, मग कागदावरच्या. मग ती रडायला लागली. मी नाही रडले. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी गेले होते... आणि मलाच ठाऊक नाही! बाकी सगळ्यांनी मला पाहिलं. मला तेवढं कुणी सांगायला आलं नाही. आणि ज्या संध्याकाळी मी त्यांचं वाईट चिंतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

आमच्या वॉर्डचे डॉक्टर समजूतदार होते. त्यांना उर्सुलानं विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर उर्सुला, हे तुम्हीच केलंत. तापाच्या भरात. दोन वर्षं एका खोलीत राहून यांच्या सवयी, यांचे शब्द तुमच्यात मुरले होते. चादरी मोजताना या पुटपुटत असतील, ते तुम्ही ऐकलं." मला ते पटलं. खरंच पटलं. चादरी मोजताना मी मराठीतच मोजते. बुद्धीला धरून असंच काहीतरी असणार.

उर्सुला एवढंच म्हणाली, "डॉक्टर, मी गोरी आहे. मुलींना दिसतं." आणि मामा एस्टानं एकाच वेळी दोघींना पाहिलं होतं, एकीला कॉटवर, एकीला चुलीपाशी.

उर्सुलानं कमिटीच्या रिपोर्टात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. तेवढं श्रेय तिला देते. पास्टरांनी आम्हा दोघींना पुन्हा त्याच ऑफिसात बोलावलं. रिपोर्ट त्यांच्यापुढे होता आणि ते आमच्यासमोर एकेक पान वाचत होते. 'कुन्या'पाशी आले तेव्हा थांबले. चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्या माणसाला कळलं होतं.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि ते अख्खं पान आडवं खोडलं.

"हे छापता येणार नाही," ते म्हणाले. "आपली मंडळी भुताखेतांची नाही."

"मग काय छापणार?" मी विचारलं.

"प्रभूच्या कृपेनं सिस्टर उर्सुलांनी स्वतः आजारी असताना एक्केचाळीस मुलींना वाचवलं. यात खोटं काय आहे? डॉक्टरांचंही तेच मत आहे."

उर्सुला म्हणाली, "मी झोपले होते, हेर पास्टर."

"तुम्हाला आठवत नाही. यापेक्षा जास्त तुम्ही सांगू शकत नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. "सही करा."

तिनं केली. माझ्याकडे न बघता केली.

मी म्हटलं, "ठीक आहे. मग या वर्षी मला पाठवा. मुलींचे आईबाप आता नाही म्हणणार नाहीत."

पास्टरांनी खोडलेलं पान उलटं करून ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर शांता, आता तर मुळीच नाही. तुम्ही तिथे उतरलात तर त्या मुली तुम्हाला काय समजतील? ज्या अंधश्रद्धेतून आपण त्यांना बाहेर काढतो, तीच तुम्ही त्यांच्या दारात नेऊन उभी कराल."

म्हणजे आधी मी तिथे कुणीच नव्हते म्हणून जायचं नाही; आणि आता मी तिथे होऊन आले म्हणून जायचं नाही. मी उठले, दार लावून घेतलं. पुन्हा त्यांच्या उपासनेला गेले नाही. रविवारी गाडीनं र्युसेल्सहाइमला जायचे, तिथल्या चर्चमध्ये मला कुणी ओळखत नव्हतं.

उर्सुला पुढे कायमची तिकडे गेली. आम्ही भांडलो नाही. नाताळला कार्डं येत, मी उत्तर धाडत असे. तेवढंच.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. शाळेतल्या पंधरा मुलींचं गायनपथक घेऊन ती येत होती, आमच्याच गावच्या हॉलमध्ये. मी जाणार नव्हते. गेले. सगळ्यात मागे, दारापाशी बसले. नर्सचा युनिफॉर्म घालून, साडी नाही.

पास्टर म्हातारे झाले होते. त्यांनी उर्सुलाला स्टेजवर बोलावलं आणि मुलींना सांगितलं, हिनं तुमच्या शाळेच्या मुलींचे जीव वाचवले. मुलींनी वाकून नमस्कार केला, फुलं दिली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

कॉफीच्या वेळी मी निघत होते. एक उंच मुलगी, चौदा वर्षांची असेल, बाकांमधून सरळ माझ्याकडे आली. कुणी तिला पाठवलं नव्हतं. उर्सुला तेव्हा दुसऱ्या टोकाला होती. माझ्यासमोर उभी राहून ती स्वाहिलीत बोलली, हळू, लहान मुलाशी बोलतात तसं, जणू माझं स्वाहिली किती कच्चं आहे ते तिला ठाऊक होतं.

"सिस्टर, तुम्ही न सांगता गेलात. आम्ही नदीपर्यंत शोधायला गेलो होतो."

मला म्हणायचं होतं, बाळ, ती मी नव्हे. तोंडातून शब्द आला, "पोले." माफ कर.

तिचं नाव नेएमा. सोमवारी जी मुलगी गेली, राहेली, ती तिची मोठी बहीण. दोघी शेजारी शेजारी निजल्या होत्या. नेएमानं माझा हात धरला. घट्ट. "राहेली तुमच्या मांडीवर होती. तिनं तोंड वर करून तुमच्या कानात काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. तुम्ही मान हलवलीत. आई पाच वर्षं विचारते आहे. इथे येताना म्हणाली, ती सिस्टर तिथे भेटली तर एवढं विचारून ये. राहेली काय म्हणाली?"

हॉलमध्ये कपबशा वाजत होत्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी काय करायला हवं होतं? खरं सांगायला हवं होतं. बाबांनी आयुष्यभर तेच शिकवलं. पण खरं म्हणजे काय? मी तिथे नव्हते म्हणू? तिनं मला पाहिलं होतं. आठवत नाही म्हणू? कुणाची तरी मुलगी मांडीवर जाते, आणि आठवत नाही?

माझ्याजवळ स्वाहिलीचे उरलेले शब्द सगळे नर्सिंगचे. आई. पोट. दुखत नाही. तेच जोडले. "ती म्हणाली, आईला सांग... पोट आता दुखत नाही."

नेएमानं डोळे मिटले. मग ते वाक्य तिनं स्वतःशी म्हणून पाहिलं, माझं व्याकरण दुरुस्त करून. पुन्हा एकदा म्हटलं, पाठ करायला. माझा हात कपाळाला लावला आणि मुलींमध्ये निघून गेली.

मी वसतिगृहापर्यंत चालत आले आणि पायरीवर बसून राहिले. चार वर्षांपूर्वी आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

आता उर्सुला नाही, पास्टर तर कधीच गेले. मी रिटायर होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि आफ्रिकेत मी अजूनही गेलेली नाही. गौरी म्हणते, तुमच्या रागाचंच हे रूप. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, देवदूत. देवदूताला 'कुन्य्वा' म्हणता येत नाही, हे मला पटत नाही. डॉक्टरांचं म्हणणं सर्वांत शहाणपणाचं, पण मामा एस्टा खोटं कशाला बोलेल? मला स्वतःला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा, गौरी वाचून दाखवेल.

तिथे जे झालं ते मी केलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण हॉलमधलं ते मी केलं. शुद्धीवर असताना, एका आईला खोटा निरोप धाडला. खरा कुणापाशी आहे, मला माहीत नाही.